सत्यमेव जयते, तीन-दोन

बर्फ ह्या पदार्थाशी माझा संबंध साठ वर्षं उसाच्या रसापुरताच होता. रसवाला गोणपाटात गुंडाळलेली लादी दांडक्याने फोडायचा, त्यातला एक खडा ग्लासात पडायचा, आणि घरी आल्यावर 'तो बर्फ कसल्या पाण्याचा करतात, ठाऊक आहे का?' ह्या विषयावर आईचं व्याख्यान व्हायचं. पुढे लेक लग्न होऊन कॅनडात गेली आणि बर्फाने माझ्यावर सूड उगवला. तिथे तो ग्लासात सोडून इतर सगळीकडे असतो. त्यावर मी जीव मुठीत धरून चालतो, आणि माझा बारा वर्षांचा नातू पायांत लोखंडी पाती लावलेले बूट चढवून, हातात काठी घेऊन, एका रबरी चकतीच्या मागे भन्नाट धावतो. ह्या चकतीला पक म्हणतात. तीन इंच रुंद, एक इंच जाड, वजन सुमारे सहा औंस. ती फार उडू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. ह्या एकंदर प्रकाराला ते लोक नुसतं 'हॉकी' म्हणतात. आमच्या पिढीला हॉकी म्हणजे ध्यानचंद. पण कॅनडात 'आइस हॉकी' असा शब्द काढला की समोरचा माणूस आपल्याकडे दयेने बघतो. जी बर्फावर खेळत नाहीत ती हॉकीच नव्हे, असं त्याचं साधं मत असतं.

2023 च्या मार्चमध्ये शाळेच्या सुट्टीत नातवाच्या टीमने युरोपचा दौरा काढला. सतरा पोरं, दोन कोच, पोरांचे आईबाप, आणि सामान सांभाळायला मी. "इथे फुकट दिसतो तो बर्फ बघायला तिकडे पैसे टाकून जायचं?" असं म्हणून ही कॅनडातच राहिली, पण निघताना लोणच्याची बरणी मात्र तिने बांधून दिली. माझा शेंगेन व्हिसा मुंबईहूनच काढून आणला होता. नातवाचा पासपोर्ट कॅनडाचा, त्याला व्हिसाच लागत नाही. माझा भारताचा, मला सगळीकडे लागतो. त्यामुळे दहा दिवस तो पासपोर्ट मी छातीशी, मंगळसूत्र जपावं तसा जपला.

मार्ग होता म्युनिक, साल्झबुर्ग, लिंत्स, प्राग आणि बसने परत म्युनिक. युरोपातल्या ह्या प्रत्येक शहरात एक नदी, एक मोठं चर्च आणि एक रिंक असते. आम्ही नदी बसमधून पाहिली, चर्च बाहेरून आणि रिंक आतून. मोझार्टच्या जन्मघरासमोर आम्ही बरोबर अकरा मिनिटं उभे होतो, त्यातली सात पोरांची डोकी मोजण्यात गेली.

आणि त्या बॅगा! हेल्मेट, खांद्यांची, कोपरांची, नडग्यांची चिलखतं, हातभर लांबीचे मोजे, ग्लोव्हज. ती बॅग खेळाडूपेक्षा मोठी असते. लांबून पाहिलं तर बॅगच पोराला घेऊन चालली आहे असं वाटतं. तिच्या वासाला मराठीत शब्द नाही. श्रावणात चार दिवस न वाळलेले मोजे घातलेली माणसं विरार लोकलच्या एकाच डब्यात भरली, तर अंदाज येईल. रात्री हॉटेलात खोलीखोलीतल्या हीटरवर सतरा जोड ग्लोव्हज वाळत पडायचे आणि सकाळी नाश्त्याच्या हॉलमध्ये आम्ही शिरलो की शेजारच्या टेबलावरचे जर्मन पाहुणे कॉफी अर्धी टाकून उठायचे.

पहिले दोन सामने आम्ही हरलो. कारण भूगोलाचं होतं. कॅनडातली रिंक सव्वीस मीटर रुंद, युरोपातली जुन्या मापाची तीस. चार मीटर म्हणजे किती, असं कोणी म्हणेल. चाळीतून बंगल्यात राहायला गेलेल्या माणसाला विचारा. आमची पोरं त्या रिकाम्या कोपऱ्यांत हरवूनच जायची.

म्हणून प्रागचा शेवटचा सामना सगळ्यांच्या जिवाला लागला होता. समोर तिथल्याच एका क्लबाची पोरं. दोन-दोन अशी बरोबरी, शेवटची दीड मिनिटं. गोलसमोर गर्दी झाली, पक कुणाच्या तरी काठीला लागून घरंगळत आमच्या चिरंजीवांच्या पायाशी आला, आणि तिथून गोलात गेला. रेफरीने हात दाखवला: गोल! तीन-दोन!

आता इथे एक नियम सांगायला हवा. पक आपोआप बुटाला लागून आत गेला तर तो गोल. पण पायाने ढकलून आत घातला तर नाही. रेफरीला तो आपोआप लागल्यासारखा दिसला. मी बरोबर त्या गोलाच्या मागे, काचेला नाक लावून बसलो होतो, आणि मला पाय दिसला. चांगला स्पष्ट, उजवा. आणि दिसल्यानंतर मी काय केलं? उठून उभा राहिलो आणि 'गोल, गोल' म्हणून बसचा कंडक्टर ओरडणार नाही एवढ्या मोठ्याने ओरडलो.

रात्री खोलीत दिवा मालवल्यावर शेजारच्या खाटेवरून आवाज आला.

"आबा, तू बघितलंस?" (त्याच्या मराठीत 'तुम्ही' हा शब्द अजून दाखल झालेला नाही. परमेश्वर, आई आणि मी, तिघेही एकेरीच.)

"काय रे?"

"माझा पाय. मी मुद्दाम मारला. मला माहीत होतं."

"छे! माझ्या चष्म्यावर वाफ आली होती."

"ओके," तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा आवाज आला, "आबा, तुझा तो विश्वनाथ, तो शेवटी जिंकला का?"

वाचकहो, हा विश्वनाथ मीच त्याच्या डोक्यात भरला होता. 1980 च्या फेब्रुवारीत वानखेडेवर इंग्लंडशी सुवर्णमहोत्सवी कसोटी झाली. 16 तारखेला खग्रास सूर्यग्रहण होतं म्हणून त्या दिवशी चक्क खेळाला सुट्टी होती. 17 ला, रविवारी, मी स्टेडियममध्ये होतो. तिकीट ऑफिसातून फुकट मिळालं असं हिला सांगून ब्लॅकने घेतलेलं होतं. इंग्लंडचे पाच गडी 58 धावांत गारद झाले होते. बॉब टेलरला अंपायरने यष्टीमागे झेलबाद दिलं. तो घुटमळत उभा राहिला. स्लिपमध्ये उभ्या असलेल्या आपल्या कप्तानाला, गुंडप्पा विश्वनाथला, वाटलं की चेंडू बॅटला लागलेला नाही. त्याने अंपायरला निर्णय मागे घ्यायला लावला आणि टेलरला परत बोलावलं. स्टेडियमने टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. ही गोष्ट मी नातवाला पाच वर्षांचा असल्यापासून झोपताना सांगत आलो आहे. टाळ्यांपर्यंत. त्यापुढे टेलर आणि बोथम ह्यांनी 171 धावांची भागीदारी केली आणि आपण तो सामना दहा गडी राखून हरलो, हे मी कधी सांगितलं नव्हतं. तेवढ्यात त्याला झोप लागत असे.

"झोप आता," मी म्हणालो. तो झोपला. मी जागा.

मी चौतीस वर्षं बँकेत काढली. कॅश काउंटरवर दिवसाअखेर पैसे कमी भरले तर कॅशियरने खिशातून घालायचे. जास्त निघाले तर ते आपले नसतात, संड्री डिपॉझिटला जमा करायचे. नियम स्पष्ट आहे, त्यात तत्त्वज्ञान लागत नाही. पण गोल जास्त निघाला तर तो कुठे जमा करायचा? मी पडल्यापडल्या स्वतःची वकिली सुरू केली. निर्णय देणं रेफरीचं काम. आरोपीने पुराव्यातल्या त्रुटी दाखवून द्याव्यात अशी अपेक्षा कोणतं कोर्ट करतं? बरं, गोल त्याचा एकट्याचा होता का? उरलेल्या सोळा पोरांचाही होता. विश्वनाथ कप्तान होता, त्याला संघाचं दान करायचा अधिकार होता. साध्या खेळाडूने सोळा जणांची वस्तू स्वतःच्या सदसद्विवेकबुद्धीसाठी वाटून टाकावी का? हरिश्चंद्राने स्वप्नात दिलेल्या शब्दापायी तारामतीला आणि रोहिदासाला विकलं, तेव्हा त्या दोघांचं मत कोणी घेतलं होतं? आपण ती गोष्ट ऐकतो कारण शेवटी सगळं परत मिळतं. परत मिळालं नसतं तर ती पाठ्यपुस्तकात आली असती की पोलीस चौकीत?

युक्तिवाद बिनतोड होता. फक्त एक अडचण होती. चष्म्यावर वाफ आलेली नव्हती.

सकाळी गाइडबाईंनी आम्हांला जुन्या गावाच्या चौकात नेलं. मधोमध यान हुस ह्या धर्मसुधारकाचा मोठा पुतळा आहे. आपली मतं मागे घ्यायला नकार दिला म्हणून 1415 साली त्याला कॉन्स्टन्समध्ये जिवंत जाळलं, आणि पाचशे वर्षांनी, 1915 साली, इथे त्याचा पुतळा बसवला. सत्याचे हप्ते असे लांबच्या मुदतीचे असतात. बाई म्हणाल्या, आमच्या देशाचं ब्रीदवाक्यच आहे, 'प्रव्दा वीत्येझी', सत्याचा विजय होतो. ते राष्ट्राध्यक्षांच्या झेंड्यावर लिहिलेलं असतं आणि तो झेंडा प्रागच्या किल्ल्यावर फडकतो. 2015 साली काही खोडकर कलावंत धुराडी साफ करणाऱ्यांचा वेश करून किल्ल्याच्या छपरावर चढले आणि तो झेंडा उतरवून त्यांनी तिथे एक अवाढव्य लाल चड्डी फडकवली. पोरांना यान हुस समजला नाही, चड्डी ताबडतोब समजली.

"आबा, हे तर तुझ्या पासपोर्टवर आहे," नातू म्हणाला. रविवारच्या मराठी वर्गात तो अक्षरं जुळवायला शिकला आहे. मी छातीशी जपलेला पासपोर्ट काढला. सिंहांच्या खाली बोट ठेवून त्याने वाचलं, "स-त्य-मे-व ज-य-ते. सेम टु सेम!" दहा दिवस हे वाक्य मी तीन देशांत हृदयापाशी बाळगून हिंडत होतो.

"हे बघ," मी म्हणालो, "काल चष्म्यावर वाफ आली नव्हती. मी बघितला तुझा पाय."

"माहीत आहे. गोल म्हणायच्या आधी तू 'अरे, पाय!' म्हणून ओरडलास. आईने ऐकलं."

"मग रात्री विचारलंस कशाला?"

त्याने खांदे उडवले. ही लकब त्याने कॅनडात उचलली आहे. हिचं मराठी भाषांतर अजून मला जमलेलं नाही.

"आणि विश्वनाथ हरला," मी म्हणालो. "दहा विकेट्सनी."

"दहा?" तो म्हणाला. "दॅट्स अ लॉट." आणि बसमध्ये चढल्यावर सरळ कोचपाशी गेला.

कोचने ऐकून घेतलं, टोपी मागे सरकवली आणि म्हणाला, रेफरीने दिला म्हणजे तो गोल आहे, स्कोअर तोच राहील, पण सांगितलंस ते उत्तम केलंस. हा गृहस्थ बँकेत असता तर रीजनल मॅनेजर होऊन रिटायर झाला असता.

मग बसमध्ये पालकांची जुंपली. आमचे जावई चार्टर्ड अकाउंटंट. "बाबा, चुका दोन्ही बाजूंनी होतात. वर्षाअखेर ताळेबंद जुळतो," ते म्हणाले. मी म्हटलं, जुळतो हे खरं, पण जुळवतो कोण? तेव्हा त्यांनी कालच्या गाइडबाईंनी सांगितलेली हकिकत पुढे केली. 1968 च्या ऑगस्टमध्ये रशियन रणगाडे ह्याच प्रागमध्ये शिरले होते. 1969 च्या मार्चमध्ये स्टॉकहोमच्या जागतिक स्पर्धेत चेकोस्लोव्हाकियाच्या हॉकी संघाने त्याच रशियाला दोनदा हरवलं, 2-0 आणि 4-3. दुसऱ्या विजयाच्या रात्री वेन्सेस्लास चौकात माणसांचा महापूर आला आणि एरोफ्लोटच्या ऑफिसची मोडतोड झाली. "त्या चारांतला एखादा गोल पायाने गेला असता," जावई म्हणाले, "तर त्या खेळाडूने सांगायला हवं होतं का, बाबा?"

मी खिडकीबाहेर पाहू लागलो. खरं सांगायचं तर त्या रात्री मी गप्प बसलो असतो, आणि चौकात जाऊन नाचलोही असतो. म्हणजे सत्य बोलायचं की नाही हे समोर रणगाडा आहे की बारा वर्षांचं चेक पोरगं आहे ह्यावर ठरतं की काय? पण काल समोर रणगाडा नव्हता. आमचा गोल झाला तेव्हा हेल्मेट काढून रडणारा एक गोलकीपर होता, आणि सामना संपल्यावर रांगेत हात मिळवताना आमच्या चिरंजीवांनी त्याच्याकडे बघितलं नव्हतं.

एवढ्यात मागच्या सीटवरून आमचाच गोलकीपर बारीक आवाजात बोलला. दुसऱ्या डावात पक रेषेच्या आत गेला होता, त्याने तो ग्लोव्हजखाली ओढून घेतला होता, रेफरीला दिसलं नाही. बसमध्ये शांतता पसरली. हिशेबाने आम्ही आता तीन-दोन हरलो होतो. मग एका लाल केसांच्या पोराने हात वर केला. आमच्या दुसऱ्या गोलाच्या आधी त्याने एकाला काठीने पाडलं होतं. तीन-एक. जर्मनीची सरहद्द अजून तासभर लांब होती आणि आणखी दोन हात वर आले होते. कोच उठला, "आता पुरे," म्हणाला, आणि त्याने बसच्या टीव्हीवर सिनेमा लावला.

टोरांटोच्या विमानतळावर यंत्राच्या पडद्यावर प्रश्न आला, तुमच्याजवळ काही खाद्यपदार्थ आहेत का? जावयांचं बोट 'नाही'कडे निघालं. नातवाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "लोणचं आहे. अर्धी बरणी."

आम्हांला वेगळ्या रांगेत उभं केलं. पाऊण तास जावई आमच्याशी बोलले नाहीत. शेवटी ऑफिसरने विचारलं, लोणचं कुठे आहे? बरणी फुटू नये म्हणून मी ती नातवाच्या हॉकीच्या बॅगेत, ग्लोव्हजमध्ये गुंडाळून ठेवली होती. त्याने बॅगेची चेन चार बोटं उघडली, मान झटकन मागे घेतली, चेन लावली आणि हातानेच खूण केली, जा.