चिन्ह बदलते, निष्ठा टिकते

अमेरिकेतील इंडियाना राज्यातले वालपरायझो विद्यापीठ मेथडिस्टांनी १८५९ मध्ये स्थापन केले; १९२५ मध्ये ते लुथरनांनी विकत घेतले. १९४२ पासून त्याचे खेळाडू ‘क्रुसेडर’, म्हणजे धर्मयोद्धे, म्हणवले जात. या शब्दात क्रूस आहे, तसा धर्मयुद्धांतला रक्तपातही आहे. म्हणून २०२१ मध्ये ते नाव सोडून ‘बीकन्स’, म्हणजे वाट दाखवणारे दिवे, हे नाव घेतले गेले. ही श्रद्धेशी फारकत नव्हे. विद्यापीठाचे ब्रीद बायबलमधील छत्तिसाव्या स्तोत्रातून, देवाच्या प्रकाशाविषयीच्या ओळीतून आले आहे. तिथल्या चॅपेलच्या उंच रंगीत काचांतूनही प्रकाशच आत झिरपतो. परंपरा जपणे म्हणजे तिचे प्रत्येक चिन्ह जपणे नव्हे. मूळ श्रद्धेला झाकणारे चिन्ह उतरवणे हीसुद्धा निष्ठाच.