एका वाक्यातील माणसे

अमेरिकेतील महाविद्यालयांत जगाचा इतिहास एका वर्षात, कधी एका सत्रातच, शिकवला जातो. सोमवारी मंगोल येतात, बुधवारी प्लेग येतो आणि पुढच्या आठवड्यात दोन्ही मागे पडलेले असतात. या घाईत ज्याचे पूर्वज युरोपचे नाहीत असा विद्यार्थी पुष्कळदा पुस्तक शेवटाकडून, म्हणजे सूचीपासून उघडतो. आपली माणसे कोणत्या पानावर आहेत, हे त्याला आधी पाहायचे असते. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसे मेली. महायुद्धाच्या प्रकरणात त्यांना एखादे वाक्य मिळाले, तर मिळते.

हा अन्याय आहे काय? संक्षेप हा गुन्हा नव्हे. सगळे सांगणारा इतिहास कोणालाच वाचता येणार नाही. परंतु काय गाळावे हे कोणीतरी ठरवतेच. कोलंबिया विद्यापीठाने १९१९ मध्ये सुरू केलेल्या ‘समकालीन संस्कृती’ या अभ्यासक्रमात संस्कृती म्हणजे प्रामुख्याने पश्चिमेची, हे गृहीतच होते. १९८८ मध्ये स्टॅनफर्डने पाश्चात्त्य संस्कृतीचा सक्तीचा अभ्यासक्रम बदलला, तो विद्यार्थ्यांच्या चळवळीनंतर. २०१८ मध्ये महाविद्यालयीन श्रेयांक मिळवून देणाऱ्या एका परीक्षेसाठी जगाचा इतिहास १४५० पासून सुरू करण्याचे ठरले. शिक्षक-विद्यार्थ्यांनी विरोध केला, तेव्हा आरंभ १२०० वर नेण्यात आला. जगाचा आरंभ असा वाटाघाटीने अडीचशे वर्षे मागे सरकतो, यात थोडा विनोदही आहे.

मग पानांची वाटणी संख्येने करावी, असे कोणी म्हणेल. दुष्काळाला न्याय मिळेल. पण हैतीचे काय? १७९१ मध्ये त्या फ्रेंच वसाहतीत गुलाम होते सुमारे पाच लाख. जगाच्या तुलनेत ही संख्या नगण्यच. संख्येचा न्याय त्यांना त्यांचे एक वाक्यही ठेवणार नाही.

वस्तुतः ते वाक्य कुठे ठेवले आहे, हे अधिक महत्त्वाचे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या प्रकरणाअखेर ‘हैतीतही बंड झाले’ असे लिहिले, की क्रांती पॅरिसची आणि हैती तिचा प्रतिध्वनी ठरते. तेच वाक्य मध्ये आणले, तर आधीचा परिच्छेद जसाच्या तसा उभा राहू शकत नाही. मानवी हक्कांचा जाहीरनामा १७८९ चा. वसाहतींतील गुलामगिरी फ्रान्सने रद्द केली १७९४ मध्ये, गुलामांनी शस्त्र उचलल्यानंतर. नेपोलियनच्या राजवटीने तिला पुन्हा मान्यता दिली १८०२ मध्ये. हैती स्वतंत्र झाला १८०४ मध्ये. ही भर नव्हे, दुरुस्ती आहे.

हैतीचेच मिशेल-रॉल्फ त्रुइयो यांनी १९९५ च्या आपल्या ग्रंथात एका वर्गाची आठवण दिली आहे. भर व्याख्यानात एक कृष्णवर्णीय विद्यार्थिनी उठली. गुलामगिरीविषयी गोऱ्या विद्वानांची पुस्तके आम्ही का वाचायची, असा जाब तिने विचारला. तिचा राग खोटा नव्हता. मात्र ज्याचे दुःख त्यानेच ते जाणावे, हा नियम मानला तर जगाच्या इतिहासाचा वर्ग भरवण्यात अर्थ नाही. प्रत्येकाने आपापल्या घरचे पान घेऊन जावे.

जोतीराव फुले अशा कोणत्याही वर्गात बसले नव्हते. तरीही १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ त्यांनी अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या लोकांना. जातीचे दास्य आणि मळ्यावरचे दास्य एकच नव्हे, ही हरकत काटेकोर अभ्यासक घेईल आणि ती रास्तही असेल. पण फुल्यांनी परक्यांच्या इतिहासात आपले नाव शोधले नाही; तो वाचून आपल्या गावाकडे पाहिले.

सूचीत स्वतःचे पान न सापडलेला विद्यार्थी मात्र बऱ्याचदा तिथेच थांबतो. दुसऱ्या कोणाचे पान हरवले आहे, हे पाहण्याइतका वेळ त्याला सत्र देत नाही. पुढच्या तासाला औद्योगिक क्रांती असते.