फुलपाखराच्या नांवाचा न्याय

पावसाळ्यांत आमच्या अंगणांतील लिंबाभोंवतीं एक थोरलें काळें फुलपाखरूं घिरट्या घालीत असतें. पंखांवर निळसर झांक. मराठींत त्यास नीलवंत म्हणतात. २०१५ सालीं महाराष्ट्र सरकारनें यासच राज्याचें फुलपाखरूं ठरविलें. क्रेमर या डच गृहस्थानें १७७५ सालीं त्यास जें नांव दिलें तें मात्र पॉलिम्नेस्टर. हा ग्रीक कथेंतील थ्रेसचा राजा. ट्रॉयच्या प्रायमनें आपला धाकटा मुलगा सोन्यासह त्याच्या हवालीं केला होता. ट्रॉय पडतांच यानें सोन्याच्या लोभानें त्या पोराचा जीव घेतला. हें ऐकून आमची नात म्हणाली, “आजोबा, पण या बिचाऱ्यानें कोणाचें काय केलें?”

या नांवांची प्रथा लिनेअसनें पाडली. १७५८ सालीं त्यानें आपणांस ठाऊक असलेलीं झाडून सारीं फुलपाखरें ‘पॅपिलिओ’ या एकाच प्रजातींत घातलीं, आणि त्यांतील मोठ्यांचे ट्रोजन व ग्रीक असे दोन पक्ष केले. ज्यांच्या छातीवर रक्तासारखे ठिपके, ते ट्रोजन. ज्यास त्यानें हेक्टर म्हटलें, तें पुढें निराळ्या गोत्राचें ठरून ‘पॅक्लिओप्टा’ प्रजातींत गेलें. हेक्टर हें नांव मात्र त्याच्याबरोबर गेलें.

येथेंच आम्हांस खरा भेद दिसतो. प्रजाति हें नात्याविषयींचें अनुमान होय. पुरावा बदलला असतां तें न बदलणें हा अप्रामाणिकपणा. जातीचें नांव अनुमान नव्हे, स्तुतिही नव्हे. तें खुणेचा दगड आहे, आणि सामान्यतः जो दगड आधीं रोंवला गेला तोच मानावयाचा. २०२३ सालीं प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय आयोगानें नीतीच्या कारणास्तव नांवें बदलण्याचें नाकारलें, तें आम्हांस पटतें. प्रत्येक पिढीनें आपल्या रुचीप्रमाणें दगड हलविले, तर जुन्या नोंदी कोणत्या प्राण्याच्या हेंच कळेनासें होईल.

तथापि स्लोव्हेनियाच्या गुहांतील एका आंधळ्या भुंगेऱ्यास १९३७ सालीं हिटलरचें नांव दिलें गेलें, आणि त्या नांवाच्या हौसेनेंच संग्राहक त्याच्या मागें लागले आहेत. तेथें आमचा युक्तिवाद लंगडा पडतो, हें कबूल केलें पाहिजे. पॉलिम्नेस्टर निदान कथेंतला. हिटलरच्या हातून मेलेल्यांचे आप्त अद्याप जिवंत आहेत.

नातीस यांतील निम्मेंच सांगितलें. तिचें समाधान झालें नाहीं. तिनें वहींत ‘नीलवंत’ असें लिहिलें, आणि लिंबाच्या पानांवर त्याच्या अळ्या आहेत का, हें पाहावयास ती निघून गेली.