अल्टरनेटर, अर्थिंग आणि अदृष्ट

कामोठ्यातल्या एखाद्या सोसायटीत गाडीला नवी म्युझिक सिस्टिम बसवली, ॲम्प डिकीत गेला आणि इंजिन सुरू होताच स्पीकरमधून बारीक शिट्टी ऐकू येऊ लागली, तर दोष कोणाच्या माथी मारायचा हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. रेस दिली की शिट्टीचा सूर चढतो, पाय काढला की उतरतो, म्हणून बहुतेकांचे बोट अल्टरनेटरकडे जाते. मानसरोवर स्टेशनच्या बाजूला आवाज वाढल्यासारखा वाटला, तर कुणी हार्बर मार्गावरच्या तारेला दोष देतो, कारण 2016 पासून त्या तारेत 25,000 व्होल्टचा प्रवाह आहे. घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, नव्या वस्तूला दृष्ट लागली. ही सगळीच उत्तरे आपापल्या परीने कारण सांगतात. त्यांतले खरे कोणते, हे ठरवायची कसोटी न्यायदर्शनाने, म्हणजे तर्काला वाहिलेल्या भारतीय दर्शनाने, बारकाईने घडवली आहे, आणि तीच कसोटी एका धार्मिक प्रश्नालाही लागू पडते: सारे काही ईश्वराच्या इच्छेने घडते असे मानणाऱ्याने दोष शोधत बसावे का? माझ्या मते शोधलाच पाहिजे, आणि त्यासाठी त्याला श्रद्धा बाजूला ठेवावी लागत नाही.

अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ हा न्यायाच्या अभ्यासाचा पहिला ग्रंथ. आठल्ये आणि बोडस यांनी मुंबईत 1897 साली काढलेली त्याची आवृत्ती अजूनही अभ्यासकांच्या हाताशी असते. कार्याच्या आधी जे नेमाने असते ते कारण, असे हा ग्रंथ सांगतो; पण नैयायिक तेवढ्यावर थांबत नाहीत. कुंभाराची माती ज्या गाढवावरून आली ते गाढवही त्या घड्याच्या आधी होतेच, तरी ते घड्याचे कारण नव्हे, कारण गाढवावाचूनही घडे होतात. रेल्वेची तार त्या गाढवासारखी आहे. स्टेशनसमोरच इंजिन बंद केले तर शिट्टी थांबते, तारेतला प्रवाह मात्र चालूच असतो. आणि सायन-पनवेल महामार्गावर तार नसतानाही शिट्टी वाजते. अल्टरनेटरची गोष्ट वेगळी. तो मुळात एसी प्रवाह तयार करतो, डायोड त्याचा डीसी करतात, आणि तरीही त्यात थोडी लहर उरते. शिट्टी त्या लहरीचीच, म्हणजे तो कारणसामग्रीत नक्की आहे. पण तीच लहर शेजारी उभ्या असलेल्या, अगदी शांत वाजणाऱ्या गाडीतही असते. तेव्हा ‘ही वाजते, ती का वाजत नाही’ या प्रश्नाचे उत्तर अल्टरनेटर देऊ शकत नाही.

ते उत्तर मिळवायला एकेक दुवा सोडवावा लागतो. ॲम्पमधून आरसीए वायर उपसली आणि शिट्टी गेली, तर ॲम्प आणि त्याच्या पुढचे स्पीकर सुटले. मग बॅटरीवर चाललेला मोबाइल थेट ॲम्पला जोडायचा. आवाज स्वच्छ आला, तर त्याच मोबाइलला गाडीचा चार्जर लावून पाहायचा. अनेकदा त्या क्षणी शिट्टी परत येते, कारण चार्जरच्या वाटेने अर्थचे वेटोळे पूर्ण होते. आता संशय अर्थिंगवर. इंजिन चालू ठेवून मल्टिमीटरची एक सळई स्टिरिओच्या बॉडीवर आणि दुसरी ॲम्पच्या अर्थच्या टोकावर टेकवली की काही मिलिव्होल्टचा फरक दिसतो. डिकीतला बोल्ट उघडला तर रंगाच्या थरावरच लग आवळलेला असतो, किंवा खाडीकाठच्या दमट हवेने त्याखाली गंज धरलेला असतो. तिथला पत्रा चकचकीत होईपर्यंत घासून लग पुन्हा घट्ट आवळला की सूर विरतो. इथे अनुमानावर विश्वास न ठेवणारा चार्वाक म्हणेल की हा कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडल्यासारखा योगायोग असेल. त्याची शंका रास्त आहे, म्हणूनच बोल्ट पुन्हा सैल करून शिट्टी परत येते का, हे पाहिले पाहिजे. आली, तर त्यापुढेही शंका धरून बसणाऱ्याला नैयायिक उदयनाचार्यांचे उत्तर लागू पडते: शंकेची मर्यादा आपल्याच वागण्याशी येणाऱ्या विरोधापर्यंत. धूर हवा असेल तेव्हा जो विस्तवच पेटवतो, त्याने कार्यकारणभाव मान्य केलेलाच असतो.

हेच उदयनाचार्य ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वराची सिद्धी करतात, हे मला फार महत्त्वाचे वाटते. न्यायमते ईश्वर, काळ, दिशा आणि अदृष्ट, म्हणजे कर्मांतून साठलेले न दिसणारे पुण्य-पाप, ही प्रत्येक कार्याची साधारण कारणे आहेत. शिट्टी वाजते यातही ईश्वर कारण आहे आणि शेजारची गाडी शांत आहे यातही. जे दोन्हीकडे सारखेच, त्याने दोहोंतला फरक कसा समजावा? एकरूप कारणातून नाना तऱ्हेची कार्ये होत नाहीत, असे उदयनाचार्यच अदृष्ट सिद्ध करताना म्हणतात. म्हणून ‘देवाची मर्जी’ हे उत्तर खोटे नसले, तरी ते या प्रश्नाचे उत्तर नव्हे. यावर एक आक्षेप बळकट आहे: ईश्वर एकच असला तरी अदृष्ट ज्याचे त्याचे वेगळे असते. मग हा त्रास या मालकाच्या कर्माचा आणि शेजाऱ्याची शांतता त्याच्या पुण्याची, असे का म्हणू नये? म्हणावे, पण त्याने शोध टळत नाही. अदृष्ट फळते तेही दृष्ट कारणांना हाताशी धरून, आणि दृष्ट कारण पुरेसे असताना त्याला डावलून अदृष्टाची कल्पना करू नये, असा शास्त्रकारांचाच दंडक आहे.

उरला व्यवहारी माणसाचा आक्षेप. त्याला ज्ञान नको, शांतता हवी. बाजारातला फिल्टर किंवा आयसोलेटर लावला की काम झाले. आयसोलेटरने वेटोळे खरोखर तुटते, त्यामुळे तो उपाय लबाडीचा नाही. पण गंजलेली अर्थ तशीच राहते. ॲम्पचा जड प्रवाह त्याच सांध्यातून जात राहतो, सांधा तापतो, आणि धोक्याची सूचना देणारा आवाज तेवढा बंद झालेला असतो. ‘नशिबात होते’ म्हणून गप्प बसणाराही याच जागी येऊन थांबतो. खरे तर न्यायदर्शनात धर्म-अधर्म, म्हणजेच अदृष्ट, हा जसा आत्म्याचा गुण आहे, तसाच प्रयत्न हाही त्याच आत्म्याचा गुण मानला आहे. पॉलिश पेपर घेऊन डिकीत वाकणारा माणूस आपल्या कर्माच्या विरोधात काही करत नसतो.