पॅनमन आणि केमिस्ट

प्रवरेच्या काठी बेलापुरात एक आबा राहत होते. उमेदीचा सगळा काळ त्यांनी हरेगावला, बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्यात पॅनमन, म्हणजे पाक आटवून साखरेचा दाणा धरणारा कामगार, म्हणून काढला. त्यांना दोन नातवंडं. नात भौतिकशास्त्राची पदवीधर. कुठलीही गोष्ट दिसली की ‘असं का होतं?’ हा तिचा पहिला प्रश्न. नातू मेकॅनिकलचा, गावात कुणाची मोटर जळाली की हा पाना घेऊन हजर.

दोघांनाही एमएस करायला जर्मनीला जायचं होतं. तिथल्या बहुतेक सरकारी संस्थांत शिकवणीची फी नसते, पण राहण्याजेवणाच्या खर्चासाठी वर्षाचे पैसे आधीच ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये ठेवावे लागतात. 2024च्या सप्टेंबरपासून ही रक्कम 11,904 युरो आहे. उसाच्या बिलावर चालणाऱ्या घराला हा आकडा लहान नाही. म्हणून काका-मामांनी ठरवलं, एवढा पैसा घालायचा तर सगळ्यात मोठ्या नावाच्या विद्यापीठातच घालायचा. दोघांनी तिथे अर्ज केला आणि दोघांनाही प्रवेश मिळाला.

नातवाला मात्र दुसरीकडूनही पत्र आलं होतं, एका फाखहोखशूलेकडून.

“ते म्हणजे आपलं पॉलिटेक्निक,” मामा म्हणाले. “डिप्लोमा करायला का परदेशी जायचं?”

हा गैरसमज आपल्याकडे घरोघरी आहे आणि त्यापायी चांगल्या मुलांचं नुकसान होतं. फाखहोखशूले 1970च्या सुमारास उभ्या राहिल्या, त्या उद्योगांना लागणारं शिक्षण देण्यासाठी. तिथे प्राध्यापक व्हायचं तर साधारण पाच वर्षं कामाचा अनुभव लागतो, त्यातली किमान तीन वर्षं विद्यापीठाबाहेरची. पुष्कळ विद्यार्थी आपला प्रबंध कारखान्यात बसून लिहितात. तिथली मास्टर्स पदवी विद्यापीठाच्या पदवीच्या बरोबरीचीच धरली जाते. विद्यापीठाचा भर सिद्धांतावर आणि संशोधनावर. डॉक्टरेट देण्याचा अधिकारही मुख्यतः त्यांचाच. आपल्या मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी 1930 साली डॉक्टरेट मिळवली ती बर्लिनच्या विद्यापीठातून.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग नातवाला म्हणाले, “बाळा, आमच्या कारखान्यात लॅबमध्ये केमिस्टसाहेब होते. रसाची शुद्धता किती, दाणा धरायला उशीर का होतो, याचा ते शोध घ्यायचे. मी पॅनवर. काचेवर दाणा बघायचा, दोन बोटांत पाकाची तार धरायची आणि पॅन कधी सोडायचा ते ठरवायचं. त्यांना पॅनवर उभं केलं असतं तर साखर बिघडली असती, मला लॅबमध्ये बसवलं असतं तरी बिघडलीच असती. यात मोठं कोण, हे आम्ही कधी विचारलं नाही. तुझा जीव कशात रमतो, ते आधी सांग.”

नातू म्हणाला, “यंत्रात, आबा.”

“मग नावाला काय करतोस? तिथे दोन वर्षं शिकवणार काय, ते वाचून दाखव.”

दोन्हीकडची विषयांची यादी त्याने वाचली. मोठ्या नावाच्या ठिकाणी गणिती प्रारूपं आणि संशोधनाचे विषय होते. नातीचे डोळे ते ऐकूनच चमकले. फाखहोखशूलेच्या यादीत प्रयोगशाळा आणि कंपनीतला प्रकल्प होता. मामा जरा वेळ गप्प राहिले, मग त्यांनीच ती यादी पुन्हा वाचायला सांगितली.

नात विद्यापीठात गेली आणि पुढे डॉक्टरेटकडे वळली. नातवाने प्रबंध एका यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत केला आणि तिथेच नोकरीला लागला.

ज्यांच्या घरी असे अर्ज भरले जात असतील त्यांनी एवढं करावं. जर्मन सरकारच्या पैशावर चालणाऱ्या डीएएडी या संस्थेकडे अभ्यासक्रमांची माहिती फुकट मिळते. एजंटला पैसे देण्याआधी ती उघडा, विषयांची यादी मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या आणि वाचताना त्याच्या तोंडाकडे बघा.