अपराध नसलेली टोचणी



२२ मार्च २०२० रोजी संध्याकाळी पाच वाजता आम्हीही थाळी वाजवली होती. पुढे २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत कोल्हापूर-सांगलीकडे खाट मिळेना, ऑक्सिजनसाठी धावपळ सुरू झाली. ज्यांच्यासाठी थाळ्या वाजल्या त्यांच्या मनावर तेव्हा काय गुदरले, हे मात्र आम्ही कधी विचारले नाही.

मागच्या महिन्यात मिस्सानंतर एक परिचारिका भगिनी अंगणात थांबल्या. म्हणाल्या, "फादर, खाट एक आणि दारात दोघे. कुणाला घ्यायचे ते वरून ठरले. पण दुसऱ्याच्या मुलीला 'जागा नाही' हे मी सांगितले. अजून ती दिसते." आम्ही चटकन म्हणालो, "यात तुमचा दोष नाही." त्या गप्प झाल्या. समाधान झाले असे आम्हाला वाटले. ते झाले नव्हते.

गंभीर पापाला बाब गंभीर लागते, पूर्ण जाणीव लागते आणि मनाची संमती लागते. येथे संमतीच नव्हती. म्हणजे पाप नाही, आणि म्हणूनच पापनिवेदनाने हे ओझे उतरत नाही. मग टोचते काय? तत्त्वज्ञ अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये परिचारिकांविषयी लिहिताना याला नैतिक क्लेश म्हटले: योग्य काय ते कळते, पण व्यवस्थेमुळे करता येत नाही. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करणारे डॉ. जोनाथन शे त्यापुढे जाऊन नैतिक जखमेविषयी बोलले. ज्यांच्यावर भरवसा ठेवायचा त्या वरच्यांनीच न्याय मोडला, की ती होते.

आमची चूक येथे झाली. 'तुमचा दोष नाही' हे खरे. पण त्या वाक्याने आम्ही विषय मिटवला. दोष त्यांचा नसेल, तर खाटा कमी का होत्या? लाट ओसरली म्हणून मास्क काढून लग्नांच्या पंगतीत कोण बसले होते? (आम्हीही एका पंगतीत होतो.) जून २०२१ मध्ये राज्यातील आशा सेविका संपावर गेल्या, तेव्हा त्यांच्या बाजूने आपल्यापैकी किती जण बोलले?

आपल्या वाडीत पूर ओसरला की भिंतीवर पाण्याची खूण राहते. कुठवर चढले होते ते कुणालाही दिसते. या भगिनींच्या मनातली खूण आम्हाला दिसली नव्हती.

पुढच्या रविवारी आम्हीच त्यांना थांबवले आणि विचारले, "त्या गृहस्थांचे नाव आठवते?" आठवत होते. गावही आठवत होते. बाकावर बसून त्या बराच वेळ बोलल्या, आम्ही मध्ये पडलो नाही. उठताना म्हणाल्या, "त्यांच्यासाठी मिस्सा अर्पण कराल? ते आपल्यातले नव्हते, फादर."

येत्या शुक्रवारी संध्याकाळी ती मिस्सा आहे.