उघड्या दरवाजावाटे

मोठ्या शहरात बिऱ्हाड हलवणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न भाड्याचा असतो आणि दुसरा, बहुधा आवाज थोडा खाली आणून विचारलेला, ‘वस्ती कशी आहे?’ हा असतो. ‘वस्ती’ हा शब्द मराठीत मोठा सोयीचा आहे, कारण त्यात जागाही येते आणि तिथे राहणारी माणसेही येतात; त्यामुळे विचारणारा रस्त्यावरच्या दिव्यांची चौकशी करतो आहे की शेजाऱ्यांच्या जातीची, गावाची आणि बोलीची, हे पुष्कळदा त्याचे त्यालाही उमगलेले नसते. पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा असा पट्टा आहे की जिथे जवळजवळ प्रत्येक घराने कधी ना कधी हा प्रश्न विचारलेला आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९७० साली चार गावांची मिळून नगरपालिका झाली आणि १९८२ साली तिची महानगरपालिका झाली. या सगळ्या काळात खानदेश, मराठवाडा, विदर्भ आणि पुढे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा इथून माणूस येतच राहिला, आणि आधी आलेला नंतर आलेल्याकडे पाहून वस्ती बिघडल्याचे सांगत राहिला.

या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत शोधावे, असे सुशिक्षित माणसाला वाटते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग दरवर्षी देशातील गुन्ह्यांचा अहवाल काढतो आणि त्यात गुन्ह्यांचा दर, म्हणजे दर लाख लोकसंख्येमागे नोंदलेले गुन्हे, दिलेला असतो. पण वीस लाखांवरच्या महानगरांच्या त्याच्या यादीत पुण्याचे नाव येते, पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्रपणे येत नाही, कारण २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सुमारे १७ लाख २७ हजार होती. त्याहून मोठी अडचण भाजकाची आहे. त्याच जनगणनेत चाकणची लोकसंख्या ४१ हजारांच्या आसपास नोंदली गेली. त्यानंतर खराबवाडी, नाणेकरवाडी, म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी या गावांच्या शेतांत ज्या चाळी उठल्या, त्यांतला माणूस मतदार गावाकडचा, रेशनकार्ड गावाकडचे आणि पगार इथला असा आहे. समजा, एखाद्या गावात वर्षाला शंभर गुन्हे नोंदले गेले आणि कागदावरची लोकसंख्या पन्नास हजार धरली, तर दर दोनशे येतो; प्रत्यक्षात तिथे दोन लाख माणसे राबत आणि झोपत असतील, तर तोच दर पन्नासवर उतरतो. गुन्हे तेवढेच असतात, वस्तीचे नाव मात्र बदनाम होते किंवा सुधारते.

भाजकासारखीच हद्दही फसवी असते. चाकण, आळंदी, देहूरोड आणि तळेगाव ही ठाणी १५ ऑगस्ट २०१८ पर्यंत पुणे ग्रामीण पोलिसांकडे होती. त्या दिवशी पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र आयुक्तालय सुरू झाले आणि ती शहर पोलिसांच्या तक्त्यात आली. त्याआधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी मांडून ‘शहरात गुन्हेगारी वाढली’ असे म्हणणे म्हणजे शेजाऱ्याचे ताट आपल्या पंक्तीत ओढून जेवणारे वाढल्याचे सांगणे होय. शिवाय गुन्हा घडणे आणि गुन्हा नोंदला जाणे यांत एक टेबल आणि एक खुर्ची असते. तक्रार दाखल करून न घेण्याला महाराष्ट्राच्या पोलिसी भाषेत ‘बर्किंग’ म्हणतात. १८२८ साली एडिनबरोत माणसांना खुणा न उमटवता गुदमरवून मारणाऱ्या आणि प्रेते शरीरशास्त्राच्या शिक्षकाला विकणाऱ्या बर्क नावाच्या इसमावरून हा शब्द आला, हे तो वापरणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे, पण तक्रार गुदमरवणे हा अर्थ त्यात बरोबर उतरला आहे. जिथे ठाण्यात तक्रार घेतली जाते तिथला आकडा फुगतो आणि जिथे ‘मोबाइल हरवला असे लिहून द्या’ म्हणून माणसाची बोळवण होते तिथला आकडा शांत राहतो. तेव्हा घर शोधणाऱ्याने कमी गुन्ह्यांच्या वस्तीवर भरवसा ठेवताना, ती कमी गुन्ह्यांची आहे की कमी नोंदींची, हे आधी पाहावे लागते.

आकड्यांपेक्षा फिर्यादीची भाषा अधिक बोलकी असते. या पट्ट्यातील चोरीच्या बातम्यांत ‘उघड्या दरवाजावाटे आत प्रवेश करून’ हा शब्दप्रयोग इतक्या वेळा येतो की त्याची सवय होऊन जाते, आणि सवय झाली की तो नेमके काय सांगतो हे दिसेनासे होते. औद्योगिक वसाहतीलगतची चाळ पाहिली म्हणजे ते कळते: गुंठ्या-दोन गुंठ्यांत समोरासमोर दहा-बारा खोल्यांच्या ओळी, वर पत्रा, मागच्या भिंतीला खिडकी असलीच तर हातभर, दाराबाहेर चार-पाच जोड चपला आणि सुरक्षा बूट, दोरीवर वाळत घातलेले कंपनीचे युनिफॉर्म, आणि आत कॉट बेसिसवर किंवा नुसत्या सतरंजीवर झोपलेली मुले. खोलीला कुलूप एक आणि किल्लीही बहुधा एकच. पहिल्या पाळीला जाणारा ती मीटरच्या पेटीवर ठेवतो आणि तिसरी पाळी करून आलेला तिथून उचलतो. चैत्र-वैशाखात पत्रा तापतो आणि रात्रभर उतरत नाही, म्हणून दार उघडे टाकून झोपावे लागते. उशाशी चार्जिंगला लावलेले मोबाइल पहाटे तीन-चारच्या सुमारास नाहीसे होतात. या चोरीचे कारण वस्तीतली माणसे वाईट आहेत हे नसून खोलीला हवा नाही हे आहे. पत्र्याखाली छत घातले आणि समोरासमोर दोन जाळीच्या खिडक्या दिल्या, तर पोलिसांची एकही गस्त न वाढवता यातल्या बऱ्याच चोऱ्या थांबतील. पण घरमालकाला प्रत्येक खोलीमागे जो खर्च येईल तो भाड्यात धरता येत नाही, म्हणून तो चोरीच्या रूपाने भाडेकरूच भरत राहतो.

या चाळींची एक बाजू मात्र बाहेरून येणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. तीन पाळ्यांमुळे इथे चोवीस तासांत कोणी ना कोणी जागे असते, कोणी आंघोळीला निघालेले, कोणी डबा धुणारे. आणि दुसरी पाळी सुटते तेव्हा अंडाभुर्जीच्या गाड्या, पानटपऱ्या आणि सहा आसनी रिक्षांमुळे म्हाळुंग्याचा चौक एखाद्या बाजारपेठेसारखा जागता असतो. अमेरिकन लेखिका जेन जेकब्ज यांनी १९६१ साली न्यू यॉर्कच्या गल्ल्यांविषयी लिहिताना मांडलेला विचार असा की रस्ता सुरक्षित ठेवतात ते मुख्यतः पोलीस नव्हेत, तर दुकानदार, फेरीवाले आणि खिडकीतून पाहणारे रहिवासी यांचे रस्त्यावर लागलेले डोळे. त्या दृष्टीने पाहिले तर निगडी प्राधिकरणाचे रुंद, झाडांचे, पेठांमध्ये आखलेले रस्ते, जे वस्ती चांगली असल्याचा दाखला म्हणून प्रत्येक एजंट दाखवतो, दुपारी दोन ते चारच्या दरम्यान डोळ्यांवाचूनचे असतात. मुले परदेशात, बंगल्यात दोन वृद्ध, आणि रस्त्याने निघालेल्या बाईंच्या गळ्यातली साखळी ओढून दुचाकी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत पाहणारे कोणी नाही. अर्थात हा विचारही जसाच्या तसा उचलता येत नाही, कारण डोळे राखण करतात तसे ते रोखूनही पाहतात. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईवरील आपल्या २०११ च्या पुस्तकात दाखवून दिले आहे की स्त्रीला सुरक्षित ठेवण्याच्या नावाखाली तिला रस्त्यावर असण्याचे कारण सतत सिद्ध करावे लागते. मध्यरात्री सुटणाऱ्या पाळीतील मुलीला म्हाळुंग्याचा तो गजबजलेला चौक, जिथे शेकडो डोळे आहेत आणि ते सगळे पुरुषांचे आहेत, सुरक्षित वाटेलच असे नाही.

‘चांगल्या लोकांची वस्ती’ या शब्दांत जे दडलेले असते त्याचा इतिहास जुना आहे. गावाच्या वेशीवर वेसकर बसे आणि परगावचा माणूस कोण, कुठला, कोणाकडे उतरला याची खबर ठेवणे हे त्याचे काम असे. ज्या जातीवर हे काम लादले होते तिचे घर मात्र वेशीबाहेर असे, ही त्यातली क्रूर गंमत. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’त फिरस्त्यांकडे पाहण्याची जी संशयी नजर आहे, ती त्या काळच्या कारभाराचीच होती, आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर जन्मावरूनच माणूस चोर ठरवला, तो कायदा १९५२ साली गेला, नजर गेली नाही. आज सोसायटीच्या फाटकावर मोबाइलवरच्या ॲपमध्ये नाव नोंदवून घेणारा बारा तासांचा पहारेकरी हा त्या वेसकराचाच वारस आहे, आणि तोही बहुधा पत्र्याच्या खोलीत राहणारा असतो.

परप्रांतीय आले आणि गुन्हे वाढले, हे वाक्य या पट्ट्यात सहज कानावर पडते. पण थेरगाव-चिखलीच्या बाजूला रात्री कोयते नाचवत उभ्या वाहनांच्या काचा फोडण्याचा जो प्रकार गेल्या काही वर्षांत वारंवार बातम्यांत आला, त्यातले आरोपी अनेकदा त्याच परिसरात वाढलेले आणि काही तर अल्पवयीन असतात. त्यांना त्या काचांमागचे काही चोरायचे नसते, आपले नाव चालते एवढे दाखवायचे असते. नाव चालण्याला इथे बाजारभाव आहे. जमिनी कारखान्यांना गेल्या, आलेला पैसा काहींनी राखला आणि काहींनी उडवला, ‘गुंठामंत्री’ असा शब्द भाषेला मिळाला, आणि जमिनीनंतर उरले ते ठेके: भंगार उचलण्याचा, कामगार पुरवण्याचा, पाण्याच्या टँकरचा, माल चढवण्या-उतरवण्याचा. १९६९ चा माथाडी कायदा डोक्यावर ओझे वाहणाऱ्याच्या रक्षणासाठी झाला होता. त्याच्या नावावर खंडणी मागितली जाते ही उद्योजकांची जुनी तक्रार आहे. या व्यवहारात घर शोधणाऱ्या नोकरदाराला थेट धोका फारसा नसतो, त्याला फक्त सकाळी गाडीची फुटलेली काच दिसते आणि तो वस्ती वाईट ठरवतो. काच कोणत्या ठेक्यावरून फुटली हे त्याला कोणी सांगत नाही.

सुरक्षितता पत्त्याला चिकटलेली असते ही समजूतच मुळात अपुरी आहे. नोव्हेंबर २००७ मध्ये रात्रपाळीला निघालेल्या एका तरुण कर्मचारी स्त्रीवर, तिला कामावर न्यायला आलेल्या ठेक्याच्या गाडीच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने गहुंजे परिसरात नेऊन अत्याचार केला आणि तिचा खून केला. तिच्या राहत्या वस्तीचा या घटनेशी काही संबंध नव्हता. धोका घर आणि कामाच्या मधल्या अंतरात होता, आणि तेच वाहन सुरक्षिततेची सोय म्हणून दारात आले होते. चाकणच्या पट्ट्यात या अंतराचे रोजचे रूप कमी भयानक पण अधिक सर्रास आहे: पुणे-नाशिक महामार्ग किंवा तळेगाव-चाकण रस्ता अंधारात, कंटेनरच्या रांगांमधून, पदपथ नसताना ओलांडणे. भोसकले जाण्याची भीती बाळगणारा माणूस हा रस्ता दिवसातून दोनदा हात दाखवत ओलांडतो, आणि या धोक्याची चौकशी घर घेताना कोणीच करत नाही, कारण अवजड वाहनाला जात नसते.

आगीचेही तसेच. ऑगस्ट २०२३ मध्ये चिखलीच्या पूर्णानगरात दुकानातच राहणारे चौघांचे कुटुंब आगीत गेले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तळवड्यात, केकवर लावायच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनवणाऱ्या विनापरवाना शेडमध्ये स्फोट होऊन कामगार स्त्रियांचे बळी गेले. चोर येऊ नये म्हणून आतून ओढलेले शटर आणि गजांची खिडकी आगीच्या वेळी कोणत्या बाजूने उघडते, हा प्रश्न ‘वस्ती कशी आहे’ यात बसत नाही. घर विकत घेणाऱ्याला तर इथे दोन प्रकारचे लाल रंग ओळखावे लागतात: नदीची लाल पूररेषा, जी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी दाखवते आणि जिच्या आत पंचवीस वर्षांच्या पुराची निळी रेषा असते, आणि देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवतीचा रेड झोन, जिथे बांधकामाला परवानगी मिळत नाही पण खोल्या मिळतात. मे २०२५ मध्ये चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेतले ३६ बंगले हरित न्यायाधिकरणाच्या आदेशानुसार पाडले गेले, तेव्हा तिथले रहिवासी चोराच्या भीतीने कंपाउंडला तारा लावून बसलेले सुखवस्तू लोक होते.

या सगळ्या चौकशीत एक दिशा कायम एकेरी राहिली आहे. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणे पोलिसांच्या आदेशाने घरमालकावर बंधनकारक असते, आणि भाडेकराराची नोंदणी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ ने मालकाचीच जबाबदारी केली आहे. तरी एजंटच्या हिशेबात दोन्हींचा खर्च भाडेकरूच्या माथी पडतो. भाडेकरूने मात्र मालकावर कोणता गुन्हा आहे, या खोलीतून आधीचा माणूस का गेला, डिपॉझिट परत मिळाले का, खोलीला बांधकाम परवाना आहे का, हे विचारण्यासाठी कोणताही छापील अर्ज नाही. नवखा माणूस वस्ती पारखायला येतो आणि पारखला तोच जातो.

भाडेकरू माहितीच्या त्या अर्जात फोटो, मूळ पत्ता आणि नोकरीचे ठिकाण यांच्या खाली, भाडेकरूस ओळखणाऱ्या दोन व्यक्तींची नावे आणि फोन नंबर लिहायची जागा असते. मालकाच्या संशयापोटी छापलेल्या त्या दोन ओळींतच नवख्याच्याही कामाचा प्रश्न आहे: रात्री पाळी सुटून तो खोलीवर पोचला नाही, तर या शहरात ते आधी कोणाच्या लक्षात येईल? चाकणला येऊन आठवडा झालेला मुलगा तिथे पेन थांबवून विचार करतो, आणि मग पहिल्या ओळीत रूम पार्टनरचे व दुसऱ्या ओळीत ठेकेदाराच्या सुपरवायझरचे नाव लिहितो. आडनाव ठाऊक नसल्याने ते तो फोन करून विचारून घेतो.